डावीकडची खिडकी

१

रविवारचं जेवण झालं, की हॅटीचे बाबा टेबलावरची भांडी एका कडेला सारायचे आणि ब्रिटनचा मोठा नकाशा पसरायचे. नकाशाच्या कोपऱ्यांवर मिठाची बरणी, मोहरीची बाटली आणि त्यांचा स्वतःचा चष्मा ठेवलेला असे. चौथ्या कोपऱ्यावर, कॉर्नवॉलच्या टोकाशी, आईचा चहाचा मग असायचा. त्या मगाचा गोल डाग तिथल्या पेन्झान्स गावावर कायमचा उमटला होता.

"तिथे तळं झालंय," बाबा म्हणायचे. "गाडीऐवजी होडी भाड्याने घ्यावी लागेल."

"होडी वल्हवणार कोण? तुम्ही जिन्यावर चढताना धापा टाकता," आई म्हणायची.

बेत असा होता: स्किप्टनहून आगगाडीने कार्लाइल, तिथून एडिंबरा, मग इन्व्हरनेस. इन्व्हरनेसला मोटार भाड्याने घ्यायची आणि स्कॉटलंडच्या अगदी वरच्या किनाऱ्याने फिरायचं. मोटार परत केली की पुन्हा आगगाडीने खाली, थेट कॉर्नवॉलपर्यंत. गाड्यांची वेळापत्रकं हॅटीकडे होती. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही तिचे कान लाल व्हायचे. पण कुठल्या स्टेशनावर उतरून कुठली गाडी धरायची हे ती न अडखळता सांगायची. त्या टेबलाशी तिला कुणी हसत नसे.

त्यांचं घर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांच्या रांगेतलं अगदी शेवटचं. एका बाजूला गल्ली, आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीपलीकडे मिस गार्साइड. मिस गार्साइडनी गावातल्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला होता. हॅटीच्या आईलाही त्यांनीच शिकवलं होतं. रविवारी दुपारी त्या चहाला यायच्या, अर्धी बिस्किटं खायच्या, अर्धी बशीत ठेवायच्या आणि वेळेवर घरी जायच्या.

त्या रविवारी त्या जरा लवकर आल्या आणि नकाशा घडी करायचा राहून गेला.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून नकाशाकडे पाहिलं. वरच्या किनाऱ्यावरून, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं.

"हा किनारा मी डोळे मिटून फळ्यावर काढायचे," त्या म्हणाल्या. "लॉर्नाला विचार. एकेक खाडी. एकेक भूशिर."

"विचारायला कशाला हवं? परीक्षेत काढायला लावायच्या मला," आई म्हणाली. "माझं स्कॉटलंड नेहमी बटाट्यासारखं यायचं."

"अजूनही तसंच येईल. तुझा हात कधी स्थिर नव्हता." मिस गार्साइड हसल्या. "गंमत म्हणजे मी स्वतः तिकडे कधी गेले नाही. फळ्यापाशीच राहिले."

बाबांनी बशीतली बिस्किटं उगाच सारखी केली. आई खिडकीबाहेर पाहू लागली. अशी शांतता हॅटीला सोसत नसे. आणि कधी नाही ते त्या दिवशी तिनेच तोंड उघडलं.

"तुम्हीसुद्धा चला ना आमच्याबरोबर."

त्या देशात असं म्हणायची रीत आहे. 'एकदा जेवायला यायलाच हवं,' 'आमच्याबरोबर चलाच तुम्ही,' असं सगळेच सगळ्यांना म्हणतात. ऐकणाऱ्याने 'किती छान! पुढच्या वेळी नक्की' म्हणायचं असतं, आणि मग दोघांनीही ते विसरून जायचं असतं. लहान मुलांनाही हे शिकवावं लागत नाही. मिस गार्साइडना तर ते माहीत असणारच.

मिस गार्साइडनी कप बशीत ठेवला. तो जराही वाजला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "येईन की."

२

त्या गेल्या, दार लागलं, आणि आई वळली.

"हॅटी! अगं, काय बोलून बसलीस?"

"मला काय माहीत त्या हो म्हणतील?"

"कुणीच हो म्हणत नाही!" बाबा म्हणाले. ते अजून उघड्या तोंडाने खुर्चीकडे बघत होते. "माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला हो म्हणताना ऐकलं नाही."

"आणि वर फर्माईश! ऐकलंत ना?"

ऐकली होती. निघताना कोट चढवता चढवता मिस गार्साइड म्हणाल्या होत्या, "किनाऱ्याने घड्याळाच्या काट्यांसारखं फिरा हं. आपण रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवतो, म्हणजे समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला, अगदी चिकटून. मला डावीकडची खिडकी द्या. बाकी माझी कटकट नाही."

बाबा हसायला लागले, आणि मग थांबले. नकाशावर त्यांनी आखलेली रेघ नेमकी उलट्या दिशेने जात होती.

"आता काय करायचं?"

"नाही म्हणून सांगायचं," आई म्हणाली.

"कोण सांगणार?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी नकाशाची घडी घातली. घडी नेहमीसारखीच चुकली. पण त्या दिवशी कुणी चिडवलं नाही.

३

नाही म्हणणं जमेना, तेव्हा त्यांनी तिसरीच वाट काढली: त्यांनी काहीच म्हटलं नाही. मिस गार्साइड आल्या की नकाशा सोफ्याखाली जायचा. त्यांनी विचारलं की आई म्हणायची, "अजून काही नक्की नाही हो." आणि त्या गेल्या की तिकिटं तिघांची निघायची, खोल्या तिघांपुरत्या सांगितल्या जायच्या.

भिंत पातळ होती. मिस गार्साइडची खोकल्याची उबळ, किटलीची शिट्टी, संध्याकाळच्या बातम्या, सगळं इकडे ऐकू यायचं. म्हणजे इकडचंही तिकडे जात असणार. म्हणून ते दबक्या आवाजात बोलू लागले. आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी, चोरासारखे. हॅटी वेळापत्रकही ओठांतल्या ओठांत वाचून दाखवायची.

आवाज तेव्हाच सुरू झाला.

बाबांनी नकाशा उलगडला की भिंतीपलीकडे खट व्हायचं. मग जरा थांबून पुन्हा खट. जुन्या सूटकेसचे दोन खटके वाजतात, तसं. आधी एक उघडायचा, मग दुसरा.

"सामान भरतायत बिचाऱ्या," आई कुजबुजली आणि तिने हात कपाळावर नेला.

"किंवा फडताळाचं दार वाजतंय," बाबा म्हणाले.

ते पुढच्या खोलीत जाऊन बसले. तिथेही खट, खट. वरच्या झोपायच्या खोलीत, पलंगावर नकाशा पसरून बसले. तिथेही. हॅटीने मनाशी हिशेब लावला: दोन्ही घरं आरशातल्यासारखी एकाला एक उलटी आहेत. एकटं माणूस घरात फिरतच असतं. त्यात नवल कसलं?

शेवटी बाबा सगळ्यांना मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले. ते नंतर बांधलेलं होतं, गल्लीच्या बाजूला. त्याच्या भिंती कुठल्याच घराला लागून नव्हत्या. बाबांनी ओट्यावर नकाशा पसरला आणि पेन्सिल उचलली.

खट.

तिघंही थांबले. बाहेर ऊन होतं. सिंकवरच्या खिडकीत एक माशी घोंघावत होती.

खट.

हॅटी मागचं दार उघडून गल्लीत गेली. कचऱ्याचे डबे ओळीने उभे होते. एकाच्या झाकणावर मांजर झोपलं होतं. त्याने डोळासुद्धा उघडला नाही. हॅटी आत आली आणि म्हणाली, "काही नाही."

"फ्रिज असेल," बाबा म्हणाले.

त्याच आठवड्यात सांगून ठेवलेल्या खोल्यांच्या तारखांची अदलाबदल सुरू झाली. विक गावच्या मालकीणबाईंचा फोन आला: नळ फुटलाय, आधीच्या दिवसांऐवजी नंतरचे चालतील का? मग थर्सोहून: लग्नाचं वऱ्हाड आलंय, दोन दिवस पुढे सरकाल का? मग डर्नेसहून उलट: जरा आधी याल का? सगळे फार नम्र, सगळ्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितलेली. प्रत्येक वेळी बाबा खोडरबराने नकाशावरची रेघ पुसायचे आणि नवी काढायचे.

शेवटचा फोन ठेवून त्यांनी नकाशा हॅटीपुढे सरकवला. "बघ बाई, कुठे चुकत नाही ना?"

हॅटीने रेघेवरून बोट फिरवलं, कागदाला न टेकवता. इन्व्हरनेसहून पश्चिमेला अल्लापूल. तिथून वर डर्नेस. मग थर्सो, मग विक, आणि परत.

"बाबा," ती म्हणाली. "समुद्र डावीकडे आलाय."

बाबांनी बराच वेळ नकाशाकडे पाहिलं. "योगायोग," ते म्हणाले. पण ते कुजबुजत म्हणाले.

४

"तू बोलावलंस, तूच सांग," आई म्हणाली. "तुझ्यावर रागावणार नाहीत त्या. लहान आहेस."

"लहान नाहीये मी. पंधरा वर्षांची आहे."

"मग तर सांगता येईलच."

हॅटी शेजारी गेली. मिस गार्साइडनी दार उघडलं तेव्हा पायपुसण्याशेजारी, दाराच्या अगदी जवळ, ती सूटकेस उभी होती. तपकिरी, कातडी, दोन पितळी खटक्यांची. तिच्यावर घडी घातलेला फिकट रेनकोट आणि त्यावर एक थर्मास. बुटांना पॉलिश केलेलं होतं आणि ते दाराकडे तोंड करून ठेवले होते.

"ये ग पोरी. दिवस ठरला का?"

वाटेत, म्हणजे दोन पायऱ्या उतरून दोन पायऱ्या चढताना, हॅटीने वाक्य पाठ केलं होतं. 'मिस गार्साइड, माझी चूक झाली, आम्हाला तिघांनाच जायचंय.' वाक्य सोपं होतं. पण बुटांवर तिची नजर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं.

"बाबांना सुट्टी मिळाली नाही," तिच्या तोंडून आलं. "ट्रिप रद्द झाली."

कान लाल झालेले तिला स्वतःला जाणवले. मिस गार्साइडनी जन्मभर मुलांना खोटं बोलताना पाहिलं होतं. त्यांनी हॅटीकडे पाहिलं, जरासं जास्त वेळ.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "आणि तू एवढी वेळापत्रकं तयार केलीस. वाईट वाटलं असेल तुला."

"हो," हॅटी म्हणाली.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं." त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात कागदासारखा हलका होता. "बेत पुन्हा ठरतात."

"मी... मी सूटकेस वर नेऊन देऊ का?"

"असू दे तिथेच. एकदा आवरलेलं पुन्हा उपसायचा मला कंटाळा येतो. मी आपली तयार राहते."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. त्यांनी माझीच समजूत काढली."



५

निघायचं ठरलं ते अगदी सकाळी, गल्लीत कुणी उठायच्या आत. जूनचा उजेड केव्हाच पडला होता. सूटकेसींची चाकं दगडांवर वाजतील म्हणून त्यांनी त्या हातात उचलून घेतल्या. बाबांनी दाराची कडी दोन बोटांनी धरून हळूच सोडली. आई ओठांवर बोट ठेवून पुढे झाली. नाटकातले चोर चालतात तसे ते तिघं चालत होते, आणि एरवी अशा वेळी हसू आवरलं नसतं. त्या दिवशी कुणालाही हसू आलं नाही.

हॅटी सगळ्यात मागे होती. मिस गार्साइडच्या दारावरून जाताना तिने बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी तिने पाहिलं.

बाटलीतलं दूध दारात घेणारं गल्लीतलं ते एकच घर उरलं होतं. पायरीवर आजची बाटली होती. तिच्याशेजारी कालचीही होती. कालच्या बाटलीचं पातळ चंदेरी वर्खाचं झाकण पाखरांनी टोचून फाडलं होतं आणि आत दुधाचा पिवळा थर उन्हाने फाटला होता. दारावरच्या काचेतून आतला दिवा दिसत होता. दिवसाउजेडी दिवा जळत ठेवणाऱ्या त्या नव्हेत.

हॅटी थांबली.

दार वाजवायचं. फक्त बोटांनी दोनदा वाजवायचं. 'मिस गार्साइड, बऱ्या आहात ना?' आणि त्या बऱ्या असल्या, दार उघडलं, तर? तर समोर ही अशी उभी, हातात सूटकेस, पाठीवर पिशवी, आणि पलीकडे आई-बाबा चवड्यांवर चालताना. रद्द झालेल्या ट्रिपला निघालेले.

तिच्या कानांत रक्त चढलं. दूध काल विसरलं असेल. माणसं विसरतात. म्हाताऱ्या माणसांना सर्दी होते.

कोपऱ्यावरून आईने हात केला. हॅटी गेली.

६

गाडीत एका टेबलाभोवती समोरासमोर चार जागा होत्या. तीन त्यांच्या. चौथ्या, डावीकडच्या खिडकीच्या जागेवर, राखीव असल्याची चिठ्ठी खोचलेली होती.

"कुणीतरी पुढे चढेल," बाबा म्हणाले.

कार्लाइलपर्यंत कुणी चढलं नाही. तिथे दुसरी गाडी घेतली. त्या टेबलाशीही तसंच. त्या गाडीत इतकी गर्दी झाली की माणसं दारापाशी सामानावर बसली. पाठीवर पिशवी घेतलेली एक बाई टेबलाशी आली, चिठ्ठीकडे न बघता बसायला वाकली आणि अर्ध्यावरच सरळ झाली.

"माफ करा हं," ती म्हणाली. तिने हे हॅटीला म्हटलं नाही, आईला म्हटलं नाही. ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, आणि शरमून पुढच्या डब्यात गेली.

आईने मासिकाचं पान उलटलं. मासिक उलटं धरलेलं होतं.

ती रात्र त्यांनी इन्व्हरनेसला काढली. सकाळी न्याहारीला मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाईंनी टेबलावर चौघांची ताटं मांडली होती. "आम्ही तिघंच आहोत," बाबा म्हणाले. बाईंनी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि त्या एकदम लाल झाल्या.

"हो का? हो, हो. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. त्यांनी चौथा कप उचलला. त्यात चहा ओतलेला होता, आणि त्यांनी तो कुणाच्या तरी पुढून काढून घेत असल्यासारखा, अवघडून, जरा कमरेत वाकून उचलला.

भाड्याच्या मोटारींच्या दुकानातला मुलगाही असाच होता. त्याने किल्ल्या दिल्या, गाडीवरचे ओरखडे दाखवले, अरुंद रस्त्यांवर समोरून कुणी आलं तर कुठे थांबायचं ते समजावलं. "छोटी गाडी सांगितली होती तुम्ही, पण मी मोठी दिलीय," तो म्हणाला. "मागे नीट बसता यावं म्हणून. त्यांच्या गुडघ्यांना..." मग त्याने तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि शब्द गिळले. "प्रवास छान होवो," तो घाईघाईने म्हणाला.

कुणीच काही विचारलं नाही. सगळ्यांना काहीतरी दिसत होतं, आणि सगळेच ते बोलून न दाखवण्याइतके सभ्य होते. हॅटीला वाटलं, आपणही तेच करतोय. कालपासून तेच करतोय.

७

अल्लापूल मागे पडलं तेव्हा गाडीत टिंग-टिंग सुरू झालं. समोर एक लाल दिवा लागला: मागे डावीकडे कुणीतरी पट्टा लावला नव्हता.

"हॅटी, तुझी पिशवी उचल त्या सीटवरून," बाबा म्हणाले.

"पिशवी माझ्या पायाशी आहे."

"मग काय आहे तिथे?"

"काही नाही."

बाबांनी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. उतरून मागचं डावं दार उघडलं. सीट हाताने चाचपली. दार लावताना ते नेहमीसारखं आपटलं नाही. आत बसलेल्या माणसाचा हात सापडू नये म्हणून लावतात, तसं हळू लावलं. हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"सेन्सर बिघडलाय," ते म्हणाले.

गाडी निघाली. टिंग-टिंग-टिंग. डोंगर उघडे होते, झाडं नव्हती. एका जागी मेंढ्या रस्त्यावर बसल्या होत्या. बाबांनी रेडिओ लावला. त्यात नुसती खरखर आली. त्यांनी तो बंद केला. टिंग-टिंग-टिंग.

"बंद करता येत नाही का ते?" आईचा आवाज बारीक आला.

"कसं करू? पट्टा लावल्याशिवाय नाही होत ते बंद."

पट्टा हॅटीच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. तिने हात पुढे केला नाही. तिकडे बघितलंही नाही. स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत ती म्हणाली:

"त्यांच्या दारात कालचं दूध तसंच होतं. म्हणजे, निघालो त्या सकाळी. कालची बाटली आणि आजची बाटली."

कुणी 'कुणाच्या दारात' असं विचारलं नाही.

टिंग-टिंग-टिंग. मग आई म्हणाली, "मी पाहिल्या. दोन्ही."

"आतला दिवा चालू होता," बाबा म्हणाले. त्यांचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. "मला वाटलं, तुम्हाला कुणाला दिसलं नसेल तर बरं."

"थांबवा गाडी," आई म्हणाली. "क्लाइव्ह, थांबवा."

चढावर, समोरच्या गाडीला वाट द्यायला केलेल्या एका रुंद जागेत ते थांबले. आईने फोन वर धरला, खाली धरला, काचेला टेकवला. शेवटी रेंजची एक बारीकशी रेघ आली. समोरच्या घरातल्या मिस्टर थ्वेटकडे मिस गार्साइडच्या घराची जादा किल्ली असे. आईने त्यांना फोन लावला.

"लॉर्ना? अगं, तुम्ही कुठे आहात? सुट्टी मिळाली म्हणायची शेवटी?"

"मिस्टर थ्वेट, जरा मिस गार्साइडकडे जाऊन बघता का? आत्ता. फोन चालूच ठेवा."

"का, काय झालं? मी आपला म्हणत होतो, तुमच्याबरोबर गेल्या असतील. गेला महिनाभर मला हेच सांगतायत, मला बोलावलंय, मला बोलावलंय. दूध बंद करायला विसरल्या म्हणून मी हसलोसुद्धा."

आईने डोळे मिटून घेतले. फोनमधून त्यांची पावलं ऐकू येत होती, किल्ल्यांचा आवाज, दगडावरून बाटल्या बाजूला सरकवल्याचा आवाज. कुलूप फिरलं.

"दार उघडेना," मिस्टर थ्वेट म्हणाले. "म्हणजे उघडतंय, पण जरासंच. मागे काहीतरी जड आहे दाराला टेकून. सूटकेस असेल... मिस गार्साइड? एनिड? अहो... थांब, लॉर्ना, मला वाटतं..."

रेघ गेली. आईने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

गाडीत टिंग-टिंग चालूच होतं. बाबांनी इंजिन बंद केलं तरी ते थांबलं नाही. पुढे चढ संपत होता आणि त्याच्या पलीकडे, डावीकडे, राखी रंगाचा मोठा समुद्र पसरला होता. त्यात आत घुसलेल्या खाड्या होत्या, एकेक भूशिर होतं. नकाशातल्यासारखंच सगळं.

हॅटीने मान वर केली तेव्हा तिला ते दिसलं. डाव्या खिडकीच्या काचेवर, माणूस बसून काचेशी तोंड नेईल त्या उंचीवर, श्वासाएवढी वाफ धरली होती. ती हळूहळू मोठी झाली. मग तिच्या मधोमध, बोटाने पुसावी तशी, एक छोटी स्वच्छ जागा झाली. बाहेर बघण्यापुरती.

आता किंचाळायला हवं होतं, हे हॅटीला कळत होतं. पण तिचे कान लाल झाले होते आणि घशात ते पाठ केलेलं वाक्य अजून अडकलेलं होतं.

तिने हात लांबवून पट्टा ओढला. तो सीटवर सपाट बसला नाही. मध्येच, एखाद्या बारीक बाईच्या रेनकोटवरून जावा तसा, हवेत फुगून राहिला. तिने तो खालच्या खाचेत दाबला.

खट.

टिंग-टिंग थांबलं. पुढे आई नि बाबा दोघंही सरळ बसून समोर बघत होते. मागे वळून बघणं असभ्य दिसलं असतं.

"बाबा," हॅटी म्हणाली, "सावकाश चालवा. त्यांना बघायचंय."